गाडीत आवडलेला अल्बम घरी का थकवतो?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर तुम्हाला लगेच कळेल. तुमचे वय अठ्ठावन्न, तुम्ही मडगावला राहता, नोकरीसाठी रोज गाडीने पणजीला जाता आणि कॉलेजच्या दिवसांपासून रोलिंग स्टोन्स हा ब्रिटिश रॉक बँड ऐकत आला आहात. त्यांचा ‘हॅकनी डायमंड्स’ हा अल्बम गाडीत ऐकला तेव्हा तुम्ही खूश झालात, पण तोच अल्बम रात्री घरी हेडफोन लावून ऐकायला बसलात की चौथ्या-पाचव्या गाण्याला तो बंद करावासा वाटतो. मित्र म्हणतात की तुझे वय झाले, तुला आता फक्त जुनीच गाणी हवीत. तुम्हाला मात्र वाटते की वय झाले ते बँडचे. यातले खरे काय, आणि या अल्बमची एलपी घेतली तर फरक पडेल का, असे तुम्ही विचारले आहे.

मी फोंड्याजवळ गेली सत्तावीस वर्षे एक लहानसा ध्वनिमुद्रण स्टुडिओ चालवतो. भजने, नाट्यगीते, तियात्रांची (म्हणजे गोव्यातल्या कोंकणी नाटकांची) गाणी आणि वर्षाकाठी दोन-तीन बीट किंवा रॉक बँड असे माझे काम असते. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते माझ्या टेबलावरून आणि तयार ध्वनिमुद्रण ऐकून लिहितो आहे. शिवाय तुमचे हेडफोन कोणते, घराच्या खोलीत पंखा किती जोरात चालतो, तुमच्या कानांची आजची स्थिती काय आहे, यावर उत्तराचा काही भाग अवलंबून राहील, आणि तो भाग जिथे येईल तिथे मी तसे सांगेन.

मला तुमच्या पत्रातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती म्हणजे गाडी आणि घर हा फरक तुम्ही नोंदवलात. बहुतेक लोक ‘आवडला’ किंवा ‘नाही आवडला’ एवढेच सांगतात. तुमच्या बाबतीत बँड तोच, गाणी तीच, कानही तेच, आणि तरी दोन जागी दोन निकाल लागले. म्हणजे प्रश्न ‘अल्बम चांगला की वाईट’ असा नसून, या ध्वनिमुद्रणात असे काय आहे की जे गाडीत उपकारक ठरते आणि घरी जाचते, असा आहे. वयाचा प्रश्न त्यानंतर येतो. तो खरा असला, तरी दोन्ही बाजू समजतात तसा तो नाही.

गाडीपासून सुरुवात करू. काचा बंद करून महामार्गाने जाताना गाडीच्या आत साधारण 65 ते 70 डेसिबल इतका आवाज कायम असतो: टायर, इंजिन, एसीचा पंखा, आणि आपल्या रस्त्यांची कृपा. तुम्ही संगीत 80 डेसिबलच्या आसपास लावले, तर संगीताच्या वाट्याला वरचे फक्त दहा-पंधरा डेसिबल येतात. त्याखाली जे काही हळू वाजते ते रस्त्याच्या घरघरीत बुडून जाते. जुना एखादा अल्बम गाडीत लावला की गिटारचा हळुवार भाग ऐकू येत नाही म्हणून आपण आवाज वाढवतो, आणि लगेच पुढे ड्रम आदळले की कमी करतो. ज्या अल्बमचा आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळजवळ एकाच उंचीवर राहतो, त्यात हा उपद्रव होत नाही. तो रस्त्याच्या आवाजावर सतत तरंगत राहतो. रात्री घरी, पंखा धरूनसुद्धा, तेवढी पार्श्वभूमी नसते. तिथे कानाला हळू आणि मोठे यांतला फरक हवा असतो, आणि तो मिळाला नाही की कानाला विसावा मिळत नाही. अर्ध्या तासात जो थकवा येतो तो बहुतेक वेळा हाच असतो.

हे एका उंचीवर आणण्याचे काम कसे होते, ते माझ्याकडच्या भजनाच्या ध्वनिमुद्रणावरून सांगतो, कारण तुम्ही टाळ कानाजवळ वाजताना नक्कीच ऐकले असतील. टाळाचा पहिला ठोका क्षणभरच असतो, पण मीटरवर तो गवयाच्या आवाजापेक्षा कितीतरी वर जातो. मशीनची वरची मर्यादा ठरलेली असल्यामुळे त्या एका टोकासाठी बाकी सगळे खाली ठेवावे लागते. मग लिमिटर लावून टाळाची टोके छाटायची आणि जी जागा मोकळी झाली त्यात संपूर्ण भजन वर उचलायचे. थोडेसे केले तर फायदाच होतो, शब्द स्पष्ट होतात, आणि मीही ते रोज करतो. पण हाच उद्योग सहा, आठ, दहा डेसिबलपर्यंत नेला, तर टाळाचा ‘खण्ण’ जाऊन ‘खळ्ळ’ राहतो, पखवाजाची थाप आणि तिच्यानंतरची शांतता यांच्यातले अंतर बुजते आणि पेटीचा सूर सगळ्या फटींत डांबरासारखा भरून राहतो. ऐकणाऱ्याला पहिल्या मिनिटाला ‘वा, किती भरदार!’ असे वाटते, आणि दहाव्या मिनिटाला त्याचा हात आपोआप बटणाकडे जातो.

गंमत म्हणजे 1982 साली सीडी बाजारात आली तेव्हा तिच्यात हळू-मोठ्यासाठी सुमारे 96 डेसिबल इतकी जागा होती, एलपीपेक्षा कितीतरी जास्त. आणि 1990च्या दशकापासून ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी चढाओढ करून त्या जागेचा वरचा चिंचोळा पट्टाच वापरायला सुरुवात केली. दुसऱ्याच्या गाण्यापेक्षा आपले गाणे मोठे वाजले पाहिजे, एवढाच हेतू. 2008 साली मेटॅलिका या बँडच्या ‘डेथ मॅग्नेटिक’ अल्बमच्या वेळी ही गोष्ट सामान्य चाहत्यांच्याही लक्षात आली, कारण तीच गाणी एका व्हिडिओ गेममध्ये कमी दाबलेल्या स्वरूपात उपलब्ध होती आणि ती विकतच्या सीडीपेक्षा उघडपणे चांगली वाजत होती. आता स्ट्रीमिंगच्या सेवा सगळ्या गाण्यांना एका सरासरी पातळीवर आणतात. स्पॉटिफायची नेहमीची पातळी उणे 14 एल.यू.एफ.एस. (कानाला जाणवणारा सरासरी आवाज मोजण्याचे एकक) आहे. म्हणजे कोणी उणे 8 पातळीचे गाणे पाठवले, तर सेवा ते 6 डेसिबल खाली आणून वाजवते. चढाओढीचा फायदा संपला, पण छाटलेली टोके काही परत येत नाहीत. ‘हॅकनी डायमंड्स’ माझ्या कानाला याच जातीचा, घट्ट दाबलेला अल्बम वाटतो. त्याच्या पहिल्या गाण्यात ड्रम, गिटार आणि मिक जॅगरचा आवाज हे तिघे जणू एकाच पाटावर खांद्याला खांदा लावून बसले आहेत, कोणी मागे सरकून दुसऱ्याला जागा देत नाही.

हे तुम्हाला माझ्या शब्दावर मान्य करण्याची गरज नाही. घरी एक प्रयोग करा. फोनमधल्या ॲपमध्ये ऑडिओ नॉर्मलायझेशन सुरू करा. ॲपल म्युझिकमध्ये यालाच साउंड चेक म्हणतात. मग तुमच्या आवडीचा त्यांचा एखादा सत्तरच्या दशकातला अल्बम आणि हा नवा अल्बम आलटून पालटून ऐका, प्रत्येक वेळी दोन गाणी, आणि दोन्हीकडे गाणाऱ्याचा आवाज सारख्याच जोराचा वाटतो आहे ना, ते पाहूनच तुलना करा. ही खबरदारी महत्त्वाची आहे, कारण जे किंचित मोठे वाजते त्यात कानाला बास आणि वरचे सूर दोन्ही अधिक भरलेले वाटतात आणि आपण त्यालाच ‘जास्त चांगले’ म्हणून मोकळे होतो. माझ्या स्टुडिओत कोणी दोन मिक्समधून निवड करायला बसला की मी आधी दोघांची पातळी सारखी करतो. तसे केले नाही तर मोठा मिक्स हमखास जिंकतो, मग तो कसाही असो. एक सावधगिरी आणखी: जुना अल्बम म्हणून तुम्ही ॲपवर जे ऐकाल ते बहुधा नंतरचे रीमास्टर, म्हणजे जुन्या ध्वनिमुद्रणाची पुन्हा तयार केलेली आवृत्ती, असेल, आणि काही रीमास्टरही नव्या चालीने दाबलेली असतात. पूर्वीची एखादी सीडी कपाटात असेल तर ती काढा.

इथवरचे थोडक्यात सांगायचे तर: तुमच्या थकव्याचा मोठा भाग मास्टरिंगमधून, म्हणजे आवाज दाबून एका उंचीवर आणण्याच्या त्या शेवटच्या टप्प्यातून, येतो, त्याचा बँडच्या वयाशी संबंध नाही आणि तुमच्या वयाशीही फारसा नाही. आता उरलेला भाग, आणि मला तोच अधिक रसाचा वाटतो.

हा अल्बम 20 ऑक्टोबर 2023 रोजी आला. जॅगर तेव्हा 80 वर्षांचा होता, गिटारवादक कीथ रिचर्ड्स 79 आणि रॉनी वुड 76. स्वतःच्या नव्या गाण्यांचा त्यांचा आधीचा अल्बम 2005चा; मध्ये 2016 साली जुन्या ब्लूज गाण्यांचा एक अल्बम आला होता, आणि तो त्यांनी एका स्टुडिओत एकत्र बसून तीन दिवसांत संपवला होता. ड्रमवादक चार्ली वॉट्स 24 ऑगस्ट 2021 रोजी वारला. नव्या अल्बममधल्या बारापैकी दोन गाण्यांत, सातव्या आणि आठव्यात, त्याने हयातीत वाजवून ठेवलेले ड्रम आहेत. उरलेल्या ठिकाणी मुख्यतः स्टीव्ह जॉर्डन आहे. निर्माता अँड्र्यू वॉट 1990 साली जन्मलेला, म्हणजे बँडच्या नातवंडांच्या वयाचा म्हणता येईल असा. ऑझी ऑस्बोर्न, इगी पॉप, पर्ल जॅम अशा ज्येष्ठ मंडळींबरोबर त्याने काम केले आहे. शिवाय पॉल मॅककार्टनी, एल्टन जॉन, स्टीव्ही वंडर आणि लेडी गागा हे पाहुणे. या अल्बमला पुढे सर्वोत्तम रॉक अल्बमचे ग्रॅमीही मिळाले. म्हणून, मित्रांनी कौतुक केले तर ते खोटे बोलत नव्हते, हेही ध्यानात घ्या.

या बँडचे वय शोधायचे असेल तर ते गळ्यात शोधू नका, आधी ड्रममध्ये शोधा. चार्ली वॉट्सची एक सवय त्याच्या चित्रफितींत तुम्ही पाहू शकता: डाव्या हाताने स्नेअर या कडक आवाजाच्या ड्रमवर दुसरा आणि चौथा ठोका मारताना तो उजवा हात हाय-हॅट या झांजांच्या जोडीवरून वर उचलून घेई, त्या क्षणी झांज वाजतच नसे. बहुतेक ड्रमवादक तिथे दोन्ही हात एकदम आणतात. त्याच्या या उचलण्यामुळे स्नेअर एकटी, उघडी ऐकू येई आणि लयीत एक अगदी बारीकशी हवा राही. दुसरी गोष्ट बँडचा जुना बासवादक बिल वायमन याने सांगितलेली: इतर बँड ड्रमवादकाच्या मागे जातात, पण इथे ड्रमवादक कीथच्या गिटारच्या मागे जातो. नाट्यसंगीत ऐकलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. तबलजी गवयाच्या तोंडाकडे पाहत बसतो. गवयाने सम किंचित लांबवली तर तोही थांबतो, आणि त्या थांबण्यातच सगळी मजा असते. रोलिंग स्टोन्सची ती सुप्रसिद्ध डुलणारी, पडते की काय असे वाटणारी आणि कधी न पडणारी लय या उलट्या रचनेतून आलेली आहे.

आजच्या स्टुडिओत या हवेचे काय होते, ते मी स्वतः केलेल्या एका चुकीवरून सांगतो. दहा-बारा वर्षांपूर्वी साठी ओलांडलेल्या चौघांचा एक बीट बँड माझ्याकडे आठ गाणी करायला आला. एकेकाळी लग्नाच्या रिसेप्शनपासून कार्निव्हलपर्यंत सगळीकडे वाजवलेली ही मंडळी. स्वतःची गाणी मात्र कधी ध्वनिमुद्रित केली नव्हती. पावसाळा होता. माझ्या स्टुडिओचे छप्पर कौलारू असल्यामुळे, खाली दुसरे छत आणि रॉकवूल घालूनसुद्धा, जोराची सर आली की मायक्रोफोन उघडा ठेवता येत नसे, आणि आम्ही सरींच्या मधल्या वेळात टेक घेत होतो. त्यामुळे वेळ वाचवायचे ठरवले. गाणी क्लिकवर, म्हणजे हेडफोनमध्ये वाजणाऱ्या यंत्राच्या ठोक्यांवर, वाजवून घेतली, आणि ते गेल्यावर रात्री बसून मी ड्रमचे ठोके संगणकाच्या ग्रिडवर, म्हणजे तालाच्या आखीव रेघांवर, नेऊन नेमके बसवले. ड्रमवादकाची स्नेअर सातत्याने मागे पडत होती, साधारण 20 मिलिसेकंद. मला ती वयाची खूण वाटली आणि मी मोठ्या भक्तिभावाने प्रत्येक ठोका जागेवर आणून ठेवला.

दुसऱ्या दिवशी गाणे लावले. बाकीचे तिघे माना डोलवत होते. ड्रमवादक खुर्चीत मागे टेकून बसला होता, मांडीवर दोन्ही हात पालथे ठेवून. पहिले कडवे होईतो तो मांडीवर हलके ताल धरू लागला, आणि त्याचे बोट दर दुसऱ्या ठोक्याला स्पीकरच्या नंतर पडत होते. दोनदा, तीनदा. मग त्याने हात थांबवला आणि म्हणाला, ‘बाब, हें म्हजें न्हय.’ रागाने म्हणाला नाही. मी मूळ टेक काढून लावला. तेव्हा बोट आणि स्नेअर एकदम पडले. ते 20 मिलिसेकंद वयाची चूक नव्हती, त्या माणसाने चाळीस वर्षे लग्नात नाचणाऱ्या जोडप्यांकडे पाहून कमावलेली ती जागा होती. मी सगळी संपादने काढून टाकली. तेव्हापासून ज्येष्ठ वादक आले की मी क्लिक विचारून लावतो, आणि ग्रिडला हात लावण्यापूर्वी मूळ टेक मालकाला ऐकवतो.

म्हणून म्हणतो की नव्या अल्बममध्ये आपल्याला जो ‘म्हातारपणा’ खटकतो, तो पुष्कळदा म्हातारपण झाकण्याच्या धडपडीचा असतो. बँड थकलेला ऐकू येत नाही. उलट तो अजिबात थकत नाही, श्वास घेत नाही, डळमळत नाही, आणि साठ वर्षे डळमळण्यावर ज्याची कीर्ती उभी आहे त्याने डळमळायचे थांबवले की ऐकणाऱ्याला कुठेतरी चुकल्यासारखे होते. हे माझे मत आहे आणि स्टीव्ह जॉर्डनच्या चाहत्यांना ते पटणार नाही. तो उत्तम वादक आहे, त्याची मुठीसारखी बांधलेली लय मला आवडतेही. पण ती वेगळी लय आहे. आठवे गाणे मुद्दाम ऐकून पाहा. त्यात चार्ली आहे, आणि 1993 साली बँड सोडलेला बिल वायमन बासवर परत आलेला आहे. लगेच पहिले गाणे लावा. दोन्हीत दाब सारखाच वाटेल, पण आठव्यात स्नेअरभोवती थोडी मोकळी जागा आहे का, ते कान देऊन पाहा. मला ती ऐकू येते.

मग थेट बाराव्या गाण्यावर जा. मडी वॉटर्सच्या 1950 सालच्या ज्या गाण्यावरून बँडने आपले नाव घेतले, त्याचेच हे रूप आहे: जॅगरचा गळा आणि माउथ ऑर्गन, रिचर्ड्सची गिटार, बस्स. ड्रम नाहीत, पाहुणे नाहीत. तुम्ही चौथ्या-पाचव्या गाण्याला बंद करता म्हणालात, म्हणजे हे गाणे घरी शांतपणे तुम्ही बहुधा ऐकलेलेच नाही. यात ऐंशीचा माणूस ऐंशीचाच वाटतो, आणि अल्बममधला माझ्या मते सर्वांत कमी थकवणारा भाग हाच आहे. दहावे गाणेही असेच, कीथने स्वतः गायलेले, खरखरीत आणि संथ.

गळ्याबद्दल थोडेच लिहितो, कारण आपल्याकडच्या रसिकांना हा विषय घरचा आहे. मंगेशी-म्हार्दोळच्या बाजूला बैठका ऐकलेल्या कोणालाही ठाऊक असते की गवई वयानुसार पट्टी उतरवतो; काळी दोनमध्ये गाणारा पुढे काळी एकवर, पांढरी एकवर येतो, तारसप्तकात कमी जातो आणि खर्जात, शब्दांच्या फेकीत रमतो. त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही, उलट ‘आता बुवांचे गाणे मुरले’ असे म्हणतात. रॉकमध्ये मात्र गाण्याची मूळ उंची हीच ओळख होऊन बसते. डीप पर्पल या रॉक बँडच्या गायकाने, इयन गिलनने, 1970 सालचे आपले सर्वांत उंच किंचाळीचे गाणे मंचावर गाणे केव्हाच सोडून दिले, आणि मला त्यात शहाणपण दिसते. त्या बँडचे अलीकडचे अल्बम गळ्याला आज जमेल अशा उंचीवर रचलेले असतात आणि म्हणून ते ओढाताणीचे वाटत नाहीत. जॅगरचा गळा या वयातही आश्चर्य वाटावे इतका टिकून आहे, ही त्याची मिळकत आहे आणि एका अर्थी अडचणही, कारण पट्टी उतरवून दुसरे काही शोधण्याची वेळ त्याच्यावर आलीच नाही. रिचर्ड्सवर आली आहे, बोटांमुळे. संधिवातामुळे आपल्या वाजवण्यात बदल झाला असल्याचे त्याने याच अल्बमच्या वेळी मुलाखतीत मोकळेपणाने सांगितले. पाच तारांची, सहावी तार काढून टाकलेली, ओपन जीमध्ये, म्हणजे मोकळ्या तारा छेडल्या तरी जी कॉर्ड वाजेल अशी, लावलेली त्याची गिटार मुळातच कमी बोटांत जास्त बोलणारी. आता ती आणखी कमी बोटांत बोलते.

आता तुमच्या कानांकडे येतो, कारण तो मुद्दा टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पन्नाशीनंतर सर्वांचेच वरचे सूर हळूहळू कमी होतात. मी सत्तावन्नचा आहे; 12 किलोहर्ट्झच्या वर काय चालले आहे याबाबत मी आता स्वतःवर विश्वास ठेवत नाही, माझ्याकडे काम शिकणाऱ्या तरुण मुलाला ऐकायला बसवतो आणि दर वर्षी ऑडिओग्राम काढून घेतो. कान उतरू लागले की हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा आवाज मात्र पूर्वीपेक्षा लवकर टोचतो, असेही पुष्कळांचे होते. तसे असेल तर दाबलेला अल्बम तुम्हाला तरुण माणसापेक्षा अधिक जाचेल. पण एक साधी कसोटी आहे: जुना अल्बम, त्याच हेडफोनवर, तेवढ्याच जोराने, तासभर न थकता ऐकता येतो का? येत असेल तर दोष कानांवर ढकलू नका. तोही थकवत असेल किंवा कानात शीळ घुमत असेल, तर आधी कानाच्या डॉक्टरांकडे जा.

आठवणीचा वाटा तेवढा जमेस धरा. कॉलेजात तुमच्याकडे किती कॅसेट्स होत्या? माझ्याकडे नऊ होत्या, त्यातल्या चार मित्रांकडून टू-इन-वनवर उतरवून घेतलेल्या, आणि प्रत्येक मी शेकडो वेळा ऐकली असेन. नवा अल्बम तुम्ही किती वेळा सलग ऐकला? आमच्या गोव्यात रेमो फर्नांडिस यांनी शिवोलीच्या घरी चार ट्रॅकच्या यंत्रावर एकट्याने केलेला 1984चा अल्बम मला आजही पाठ आहे, आणि त्याचे एक कारण तो उत्तम आहे हे, तर दुसरे कारण त्या वर्षी माझ्याकडे दुसरे काही ऐकायला नव्हते हे. त्यामुळे ‘हॅकनी डायमंड्स’ला शेवटच्या गाण्यापासून उलट्या क्रमाने, रोज दोन गाणी, असा आठवडाभर वेळ द्या आणि मगच निकाल द्या. अकरावे गाणे, गागा आणि स्टीव्ही वंडरवाले, सात मिनिटांहून मोठे आहे. ते मध्येच संपल्यासारखे होऊन पुन्हा उठते, आणि या अल्बममध्ये हळू आणि मोठे यांतला फरक सर्वांत जास्त तिथे मिळतो.

राहिली एलपी. एलपी घेतल्याने आवाज मोकळा होतो हे सरसकट खरे नाही. खोबणीत कापण्यासाठी वेगळे, कमी दाबलेले मास्टर केले असेल तर फरक पडतो. तेच डिजिटल मास्टर कापले असेल तर छाटलेली टोके छाटलेलीच राहतात, फक्त त्यांच्यावर सुईचा गोडवा चढतो. या अल्बमची लांबी सुमारे 48 मिनिटे, म्हणजे एका तबकडीवर प्रत्येक बाजूला 24 मिनिटे येतात, आणि ते जरा जास्तच झाले. 18 ते 22 मिनिटांपर्यंत खोबण्यांना ऐसपैस जागा मिळते, त्यापुढे आवाजाची पातळी उतरवावी लागते. शिवाय तबकडीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे 50 सेंटीमीटर खोबण सरकते, तर आत लेबलाजवळ जेमतेम 21; म्हणून चढत जाणारे अकरावे गाणे सर्वांत गैरसोयीच्या जागी पडते. उघडेबोडके बारावे तिथे सहज निभावते.

तुमच्याकडे आधीपासून चांगला टर्नटेबल असेल आणि मुखपृष्ठ हातात धरण्याचा आनंद हवा असेल तर जरूर घ्या, नुसत्या थकव्यावर उपाय म्हणून घेऊ नका. तेवढ्याच पैशांत मागून उघडे असलेले हेडफोन घेतलेत तर रात्रीचे ऐकणे अधिक सुसह्य होईल. एलपी घेतलीत तर एवढे पाळा: मडगावच्या हवेत जून ते सप्टेंबर कागदी कव्हरावर बुरशी धरतेच. आतली कागदी पिशवी काढून प्लॅस्टिकचे अस्तर असलेली घाला, तबकड्या उभ्या ठेवा, बाहेरच्या भिंतीला चिकटलेल्या कपाटात ठेवू नका, आणि सिलिका जेलच्या पुड्या गणेशचतुर्थीपर्यंत निदान दोनदा बदला.